डीसाइडचे ड्रॅगन्स

क्वीन्सफेरी, फ्लिंटशर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जातोस तरी कुठं? बर्फावरची हॉकी बघायला, म्हटलं, तर तू विषयच बदललास. म्हणून आज नीट लिहितो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडीलच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवून घेणाऱ्या माणसाला हे कळायलाच पाहिजे.

आमचं गाव डी नदीच्या काठी. वेल्समध्ये, पण गाडी काढली की पाव तासात इंग्लंडातलं चेस्टर. इथं सत्तरच्या दशकात बांधलेलं डीसाइड लेझर सेंटर, म्हणजे खेळ-करमणुकीचं केंद्र आहे आणि त्याच्या आत बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक. आमचा संघ तिथला, डीसाइड ड्रॅगन्स. वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन तू पाहिला असशील, त्यावरून हे नाव.

वेल्सची आइस हॉकी म्हटलं की लोक राजधानीतल्या कार्डिफ डेव्हिल्स संघाचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. 1986 ला तिथं रिंक उघडली. जॉन लॉलेस या कॅनडाच्या खेळाडूनं संघ उभा केला आणि पहिल्याच सामन्यात ॲशफील्ड आयलंडर्सचा 32-0 नं धुव्वा उडवला. खालच्या विभागातून सुरुवात करून 1989 ला ते सर्वात वरच्या विभागात पोचले. पुढच्याच वर्षी लीग जिंकली, आणि लंडनच्या वेम्बलीला अंतिम सामन्यात मरेफील्ड रेसर्सना पेनल्टी शॉट्सवर हरवून ब्रिटिश चॅम्पियन झाले. पण संज्या, कार्डिफच्या रिंकवर बर्फ धरायच्या कितीतरी आधी डीसाइडला बर्फ होता. हे मी इथं भेटेल त्याला सांगतो.

आमच्या वाट्याला तसं वेम्बली आलं नाही. आलं ते 1980. शेजारच्या शॉटनला मोठा पोलाद कारखाना होता, सगळा परिसर त्याच्यावर जगायचा. त्या वर्षी मार्चमध्ये तिथलं पोलाद गाळणं बंद झालं आणि साडेसहा हजारांवर माणसं एकदम घरी बसली. आपल्याकडच्या गिरण्या आठव, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. पत्र्याला मुलामा द्यायचं काम तेवढं उरलं. आज त्या फाटकावर टाटांचं नाव आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थांबलो होतो. एवढं सगळं झालं, तरी त्या दशकात ड्रॅगन्स ब्रिटिश लीगच्या खालच्या विभागांत खेळत राहिले.

मध्ये नावंही बदलली. एक काळ इथला संघ फ्लिंटशर फ्रीझ म्हणून इंग्लिश नॅशनल लीगमध्ये खेळायचा. नंतर पुन्हा ड्रॅगन्स झालं, ते मला फार बरं वाटतं. हल्ली ते नॅशनल आइस हॉकी लीगच्या उत्तरेकडच्या दुसऱ्या विभागात आहेत, म्हणजे वरून चौथी पायरी. विडनेस, ऑल्ट्रिंगहॅम असे शेजारचे इंग्लिश संघ समोर असतात. इथं खेळून कुणाचं घर चालत नाही. दिवसभर नोकरी करायची आणि रात्री स्केट्स बांधायचे.

खेळ मात्र खरा आहे, लेका! वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. बर्फावर गोलकीपर धरून सहा जण. एवढा दम लागतो की मिनिटाच्या आतच गडी बदलतात, तेही खेळ चालू असताना, कठड्यावरून उड्या टाकून. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. ती काचेवर आदळली की समोर बसलेल्याची छाती धडधडते. पहिल्या दिवशी मला ती दिसलीच नाही, नुसता आवाज ऐकत होतो.

खरं सांगायचंय ते 2020 चं. कोरोना आला आणि लेझर सेंटरचं हॉस्पिटल करायचं ठरलं. बर्फाच्या जागी 400 हून अधिक खाटा लागल्या. नाव ठेवलं ‘अस्बटी एन्विस’, वेल्शमध्ये इंद्रधनुष्य रुग्णालय. पुढं तिथंच लसीकरणही चाललं. सगळ्यांना ते पटलेलंच होतं, कुणी तक्रार केली नाही. पण बर्फ गेला म्हणजे संघाच्या पायाखालची जमीनच गेली. फुटबॉलवाला गल्लीत तरी चेंडू मारेल, यांनी काय करायचं? दुसरा बर्फ गाठायचा तर सीमा ओलांडून इंग्लंडात.

खाटा हलल्या, जमीन पुन्हा गोठवली, ड्रॅगन्स परतले. आता जातो तेव्हा माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांनी लस त्याच इमारतीत घेतली होती. मध्यंतरात मशीन बर्फावर पाणी पसरत फिरतं, तेव्हा आम्ही दोघं काही न बोलता ते बघत बसतो. खरवडलेला पांढरा बर्फ हळूहळू काळाभोर, चकचकीत होत जातो.

आज हरलो. शेवटच्या डावात दोन गोल खाल्ले. तरीही पुढच्या घरच्या सामन्याचं तिकीट काढूनच परतलो.

तू ये. सप्टेंबर ते एप्रिलच्या आत ये, म्हणजे सामना मिळेल. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो, काकूंनी विणलेला तो जाड स्वेटर आण. माझ्यासाठी थोडं कांदा-लसूण तिखटही आण.

तुझाच,
अवि