थोड्या मुदतीची खुर्ची

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींचाही फोन येऊन गेला, तेव्हा नोकरी सोडून माझ्यासारखं काम धरायचं का, यावर घरात चर्चा जोरात चाललीय हे कळलं. "सहा महिने एका ठिकाणी राबायचं आणि घडी बसली की निघायचं, यात तुला काय मिळतं?" असं तू विचारलंयस. फोनवर हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू मला सल्लागार म्हणतोस. सल्लागार अहवाल देतो आणि त्याचं काम संपतं. मी मात्र रिकाम्या झालेल्या खुर्चीतच ठरल्या मुदतीपुरता बसतो, इंटरिम मॅनेजर म्हणतात तो. फायनान्स हेड तडकाफडकी सोडून जातो, कुणी आजारी पडतं, कुठे मालकाच्या मुलाला कारभार हातात घ्यायला अजून वेळ असतो. अशा वेळी पगार, बँक, ऑडिटर, सप्लायरचे फोन, सगळं माझ्याकडे येतं. जायची तारीख तेवढी आधी ठरलेली. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात ही पद्धत रुजली. तिथे कायम नोकराला काढणं कायद्याने अवघड होतं, म्हणून अडचणीच्या काळापुरता जाणता माणूस आणायची चाल पडली. आपल्याकडे शेअर बाजारात लिस्टेड कंपनीला सीएफओची, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याची, रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते, तसं २०१३ चा कंपनी कायदाच सांगतो. पण माझं बरंचसं काम घरच्या मालकीच्या कारखान्यांत असतं. तिथे कायद्याआधी बँकेचा तगादा येतो.

आता मला काय मिळतं ते सांगतो. लोक माझ्याशी खरं बोलतात.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, होतो. ऑर्डरी भरपूर, कागदावर रिजेक्शन, म्हणजे नापास माल, बेताचं, तरी महिनाअखेरीला सीसी लिमिट, म्हणजे बँकेने रोजच्या खर्चासाठी दिलेली उचल, तळाला गेलेलं. खराब निघालेलं कास्टिंग (ओतीव भाग) परत भट्टीत टाकायचं, लोखंड कुठे जात नाही, मग त्यात नुकसान कसलं, ही तिथली जुनी समजूत. एका संध्याकाळी स्टोअरकीपर मला फेटलिंग शॉपच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करतात त्या शेडच्या, मागे घेऊन गेला. पत्र्याच्या कडेने ढीग लागला होता. त्याने ढिगातलं एक हाउसिंग उचललं, अंगठ्याने ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेलं भोक, दाखवलं आणि म्हणाला, "साहेब, हाच पार्ट दर आठवड्याला परत वितळतोय. रजिस्टरला कुठं दिसणार नाही." इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज जाते. शिवाय कोअर (आतल्या पोकळीसाठीचे वाळूचे ठोकळे), वाळू, मोल्डिंगची मजुरी, ग्राइंडिंग. लोखंड परत येतं, हे काही परत येत नाही. दुसऱ्या दिवसापासून हीटप्रमाणे (भट्टीच्या दर खेपेप्रमाणे), पार्टप्रमाणे रिजेक्शन लिहायला घेतलं आणि पैसा कुठे मुरतोय ते मालकांच्या डोळ्यांसमोर आलं. दोन पार्टचं गेटिंग, म्हणजे साच्यात लोखंड जायची वाट, बदललं, एकाचा भाव वाढवून मागितला.

इतकी वर्षं का बोलला नाहीत, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "तुम्ही कुणाच्या गटातले नाही. आणि तुम्ही जाणार." मित्रा, पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला कुणाची बढती अडवायची नसते, कुणाची जागा घ्यायची नसते. मालकासमोर आकडा ठेवताना पुढच्या वर्षीच्या इन्क्रिमेंटचा विचार मनात येत नाही. या मोकळेपणासाठी मी हे काम करतो.

आणि जायचंच आहे म्हणून पहिल्या दिवसापासून माणूस हेरावा लागतो. त्याच फाउंड्रीत अकाउंट्सला बी.कॉम. झालेली एक मुलगी होती, व्हाउचर एंट्रीवर अडकलेली. तिला बँकेला द्यायचं मालसाठ्याचं स्टॉक स्टेटमेंट शिकवलं, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचल करता येईल ती रक्कम, कशी निघते ते समजावलं. शेवटी शेवटी बँकेच्या अधिकाऱ्याशी तीच फोनवर बोलायची, मी शेजारी बसून नुसता ऐकायचो. त्याचं मोल मला फीपेक्षा जास्त वाटतं.

पैशाचं स्पष्ट लिहितो, वहिनींनाही वाचून दाखव. दोन कामांमध्ये रिकामे महिने येतात, तेव्हा किमान सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. कंपनीचा मेडिक्लेम जाईल, तो आधी स्वतःचा काढ. फीमधून दहा टक्के टीडीएस कापला जाईल. उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, आणि बिलावर अठरा टक्के. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी पहिल्याच महिन्यात करून घे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकालाही वेळेवर पैसे मिळण्याचा हक्क आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, नसला तर १५. नेमणुकीच्या पत्रात अधिकार लिहून घ्यायचे: कुणाला कामावर घेऊ शकतो, किती रकमेपर्यंत खरेदी मंजूर करू शकतो, थेट कुणाला उत्तर द्यायचं. हे धूसर राहिलं की मालकांचे नातलग रोज मध्ये येतात. आणि कुणाच्या कर्जाला जामीन राहायचं नाही, कितीही गळ घातली तरी.

तू आयुष्यभर प्लँट चालवलास. संप पाहिलास, लाइन हलवलीस, नवीन शॉप उभं केलंस. चाकण-भोसरीत प्लँट हेड मध्येच सोडून गेला की मालकांना अशा माणसाची गरज आजच्या आज असते, आणि कायमचा माणूस मिळेपर्यंत महिने जातात. तुझ्या कंपनीने तुला आता नुसत्या रिव्ह्यू मीटिंगना बसवून ठेवलंय, हे तुझ्या पत्रातून मला दिसतंय, आणि ते मला बघवत नाही.

लगेच काही ठरवू नकोस. दिवाळीला आलास की एक दिवस जादा ठेव. माझ्या नेमणूकपत्राचा मसुदा आहे, तो दोघं मिळून तुझ्या कामासाठी बदलून घेऊ. वहिनींनाही घेऊन ये, त्यांचे प्रश्न तुझ्यापेक्षा नेमके आहेत.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दादू