उद्यमनगरातल्या मेस्त्रींना आभाराचं पत्र

आदरणीय मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या दुर्बिणीला कॅमेरा नीट बसावा म्हणून तुम्ही लेथवर केलेलं काम आमच्या शाळेपुरतं ठेवण्यासारखं नाही. आपल्या भागात ज्यांच्याकडं दुर्बीण आहे आणि जे तिला कॅमेरा लावायला बघताहेत, त्यांनाही ते कळावं. नाव छापायला तुम्ही नको म्हणालात, म्हणून घालत नाही.

आमची दुर्बीण आरशाची, ८ इंची, नाभीय अंतर १००० मिलिमीटर. फोकसर, म्हणजे आयपीस किंवा कॅमेरा पुढंमागं सरकवून फोकस साधायचा भाग, नळीच्या कडेला, २ इंची, त्याला हातानं आवळायचा एकच थंब स्क्रू. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावून पोरांना शनी दाखवायला तेवढा पुरत होता. कॅमेरा लावला की मात्र फोटोच्या एका बाजूचे तारे बारीक ठिपके आणि दुसऱ्या बाजूचे लांबट, फुगलेले. दुर्बीण फिरवली की बिघडलेली बाजूही बदलायची. ज्याला विचारावं तो म्हणे, आरसे जुळवा. तुम्ही आरशांकडं पाहिलंसुद्धा नाहीत. कॅमेऱ्याची नळी फोकसरमध्ये घातलीत, स्क्रू आवळलात, तिरपेपणा मोजायचा डायल लावून बघितलंत आणि म्हणालात, "मॅडम, घट्ट हाय, पर सरळ न्हाई."

मला जे कुणी नीट सांगितलं नव्हतं, ते त्या वाक्यात होतं. २ इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरची नळी आत सरकायला बोअर, म्हणजे आतलं भोक, थोडा मोठा ठेवावाच लागतो. एका बाजूनं स्क्रू दाबला की नळी समोरच्या भिंतीला टेकते आणि बाकी सगळीकडं फट राहते. त्यातून नळीवर एक खोलगट खाच असते. स्क्रू थोडा सैल झाला तरी आयपीस खाली पडू नये, एवढ्यासाठी ती दिलेली. पण स्क्रूचं टोक त्या खाचेच्या उतारावर बसलं की नळी एका अंगानं उचलली जाते. आवळू तेवढी तिरपी.

डोळ्याला हे फारसं जाणवत नाही. कॅमेऱ्याला जाणवतं, आणि का ते तुम्ही मला गणित मांडायला लावून दाखवलंत. आमची दुर्बीण एफ/५, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या साधारण पाचपट, तिथं फोकसला मुभा जेमतेम ०.०७ मिलिमीटरची. कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद. तो नुसता अर्धा अंश कलला, तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी फोकसमध्ये येणं शक्यच नव्हतं. आरसे कितीही जुळवले असते तरी.

आयपीससाठी तुम्ही बोअरच्या आत खाच पाडून चिरलेली पितळी रिंग बसवलीत आणि बाहेरून १२० अंशांवर तीन स्क्रू दिलेत. स्क्रू रिंगला दाबतात आणि रिंग नळीला चहूबाजूंनी धरते. पितळ मऊ, त्यामुळं नळीवर ओरखडेही नाहीत. रिंग खाचेच्या काठावर येऊ नये म्हणून आमचे सगळे आयपीस मागवून घेऊन प्रत्येकाची खाच व्हर्नियरनं मोजलीत. एवढी काळजी कुठल्याच तयार अडॅप्टरमध्ये मला दिसली नव्हती.

कॅमेऱ्यासाठी मात्र तुम्ही स्क्रूचा नादच सोडलात. "वजन टांगायचं आसंल तर आटेच पायजेत." आणि पहिला प्रश्न, "पिच किती?" पिच म्हणजे लागून असलेल्या दोन आट्यांमधलं अंतर. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यांचे टी आटे ४२ मिलिमीटरचे, पिच ०.७५. जुन्या स्क्रूच्या लेन्सांचे आटेही ४२ चेच, पण पिच १. दोन्ही दिसायला सारखे, सुरुवातीला फिरतातही, मग अडकतात आणि जोर लावला तर आटे खातात. हे कॅमेरेवाल्यांनी सांगायला हवं होतं. सांगितलं टर्नरनं.

आटे ओढून धरतात, पण काटकोन देतो तो फेस, म्हणजे टेकायची सपाट बाजू. म्हणून कॅमेऱ्याच्या अडॅप्टरच्या एका बाजूचे आटे आणि फेस तुम्ही एकाच सेटिंगमध्ये काढलेत. दुसऱ्या बाजूसाठी लेथच्या चकमध्येच आट्यांचं मँड्रेल, म्हणजे जॉब धरायचा दांडा, करून त्यावर जॉब बसवलात. मी शेजारी उभी होते आणि हे बघताना मला वर्गात शिकवलेली भूमिती पहिल्यांदा हाताला लागल्यासारखी वाटली. आतल्या भिंतीवर बारीक चऱ्या पाडून काळा मॅट रंग दिलात, उजेड आतल्या आत परावर्तित होऊ नये म्हणून. मी ते मागितलंही नव्हतं.

अडॅप्टरच्या जाडीचं तर विसरतच होते. टी आट्याच्या फेसपासून सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर अंतर धरायची रीत आहे. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४ कॅमेऱ्याच्या आत आणि ११ कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणाऱ्या टी रिंगचे. कडेचे तारे सुधारणारं भिंग लावलं की बहुतेक वेळा हेच अंतर सांभाळावं लागतं. त्यासाठी १ आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पातळ रिंगा तुम्ही जादा करून दिल्यात.

आणि फोकसर घसरत होता, तेही. हा क्रेफर्ड पद्धतीचा फोकसर इंग्लंडमधल्या जॉन वॉल या हौशी निरीक्षकानं काढला. त्यात दातेरी पट्टी नाही, फक्त बेअरिंग आणि दांड्याचं घर्षण. यंत्र म्हटलं की आपला हात तेलाकडं जातो, पण इथं तेल म्हणजे घसरण. तुम्ही दांडा आणि तो टेकतो ती सपाट पट्टी थिनरनं पुसून कोरडी केलीत, ताणाचा स्क्रू पाव फेरा आवळलात, आणि वर कॅमेऱ्याचा पट्टा दुर्बिणीच्या नळीच्या कड्याला बांधायला लावलात. मसाई पठारावर वारा किती असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पठारावर आता मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला तर चारही कोपऱ्यांतले तारे गोल येतात. नळी आडवी असो की डोक्यावर, तसेच राहतात. नववीच्या मुलींनी कोपरे मोठे करून करून तपासले.

तुम्ही कामाचे पूर्ण पैसे घेतलेत, याचेही आभार. शाळेचं काम म्हणून सोडून दिले असतेत तर दुसऱ्या कुणाला तुमच्याकडं पाठवताना मला संकोच वाटला असता. आता बिनधास्त पाठवते. येणाऱ्यांनी मात्र फोकसर, कॅमेरा आणि सगळे आयपीस बरोबर आणावेत. नुसता मोबाईलवर फोटो दाखवून मेस्त्री काम घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक जुनी छोटी दुर्बीण पडून आहे. तिचं तोंड जुन्या मापाचं, २४.५ मिलिमीटर. त्यावर ३१.७५ चे आपले नेहमीचे आयपीस बसतील असा अडॅप्टर हवाय. या वेळी ड्रॉइंग मुलीच काढताहेत. झालं की त्यांनाच घेऊन शेडवर येते. चूक असेल तिथं त्यांना माझ्यासमोर बिनदिक्कत सांगा.

आपली,
विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर