शेळ्या, मोत्या आणि नव्या कोंबड्या

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

कोंबड्या आणायचं तुम्ही नक्की केलंत, फार बरं वाटलं. पण आई, फोनवर तू फिरून फिरून तेच विचारत होतीस, शेळ्या त्यांना तुडवणार नाहीत ना आणि मोत्या त्यांना जगू देईल ना. घाईघाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

शेळ्यांची धास्ती सोडून दे. मोठी कोंबडी सहसा कुणाच्या पायाखाली येत नाही. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, खूर उचलला जायच्या आत ती सरकलेली असते. माझ्याकडे दुपारी शेळ्या रवंथ करत बसल्या की कोंबड्या त्यांना अगदी खेटून माती उकरतात. एक तांबडी कोंबडी तर शेळीच्या तोंडाशी जाते, मान तिरकी करून एका डोळ्याने नेम धरते आणि नाकपुडीजवळची माशी अचूक टिपते. शेळी नुसता कान हलवते. मी हे कितीदा पाहिलं असेल, तरी हातातलं काम थांबतंच. उकिरड्यातल्या अळ्याही कोंबड्या वेचून खातात. उन्हाच्या दिवसांत अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे अळ्या खाल्ल्या गेल्या की गोठ्यातल्या माश्या पुष्कळ कमी होतात.

भीती बाळगायचीच असेल तर ती खाद्याची बाळगा. कोंबड्यांच्या खाद्यात दाणा-भरडा भरपूर असतो आणि शेळीला तो मिळाला की ती थांबत नाही. एवढा दाणा एकदम पोटात गेला की तिथे झपाट्याने आम्ल तयार होतं, पोटाची हालचाल मंदावते आणि रवंथ बंद पडतो. शेळी दात खाते, पातळ हगते, मलूल होऊन पडून राहते, डावी कूस फुगलेली दिसते. अशी शेळी एक-दोन दिवसांतही दगावू शकते. म्हणून बाबा, खाद्याचं पिंप कडी लागेल असंच घ्या, आणि कोंबड्यांना खायला अशा जागी घाला जिथे शेळीचं डोकं शिरणार नाही. कोंबडी जाईल पण शेळी अडेल एवढीच फट ठेवली तरी काम होतं. तरीही कधी शेळी दाण्यावर सापडली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच वेळी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

शेजारचं तट्टूही अंगणात येतं ना? कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचं मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याला मात्र थोडंसंही जिवावर बेततं. पोत्यावरची चिठ्ठी वाचूनच पोतं घरात घ्या. पुढेमागे मेंढी पाळायचं मनात आलं तर तिलाही हे खाद्य वर्ज्यच, कारण त्यातलं तांबं तिच्या यकृतात साठत जातं.

दुसरी गोष्ट विष्ठेची. कोंबडीला उंचावर बसायला आवडतं, आणि गोठ्यात सगळ्यात सोयीची उंच जागा म्हणजे गव्हाणीची कड. तिथे बसली की घाण थेट वैरणीत आणि पाण्यात. त्यातून साल्मोनेलासारखे जंतू शेळ्यांच्या पोटात जातात, करडांना तर जास्तच त्रास होतो. दिवसभर सगळी एकत्र हिंडू देत, रात्री मात्र खुराडं वेगळं हवं. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, दिवेलागणीला त्या आपणहून आत शिरतात. तुम्ही फक्त दार लावायचं, पण ते एकही दिवस चुकवायचं नाही.

आता मोत्या. तो गरीब आहे, पण फडफडत पळणारं काही दिसलं की कुत्र्याच्या अंगात शिकार जागी होते. त्यात त्याचा काही दोष नाही. सुरुवातीला त्याला साखळीने बांधून जाळीबाहेर बसवा. कोंबड्यांकडे पाहूनही तो शांत राहिला, हाक मारल्यावर तुमच्याकडे वळला, की शाबासकी द्या. टक लावून, अंग ताठ करून बघायला लागला तर लांब न्या. घाई नको, आणि साखळी काढल्यावरही पुष्कळ दिवस कुणीतरी जवळ हवंच. मनीची काळजी नाही, मोठ्या कोंबडीच्या चोचीपुढे मांजर सहसा माघार घेतं. पिल्लं मात्र तिच्या हाती लागू देऊ नका, ती झाकूनच ठेवा.

बाबा, तुम्हाला बदकंही हवीत, त्याबद्दल माझं मन थोडं कचरतं. बदकं जिथे पाणी पितात तिथे चिखल करतात, आणि ओल्या भुश्यात कोंबड्या आजारी पडतात. शिवाय नर बदक कोंबडीवर चढला तर तिला आतून इजा होते. आणायचीच असतील तर त्यांना रात्रीची जागा निराळी करा आणि नराला पुरेशा माद्या ठेवा. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवायची तुमची हौस खुशाल पुरवा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत उबतात, बदकाची साधारण २८ दिवस घेतात, तेवढे दिवस तिचं दाणापाणी नीट बघा. पिल्लं पहिल्यांदा पाण्यात शिरतील तेव्हा ती काठावर येरझाऱ्या घालत ओरडेल. तिला उचलून नेऊ नका, पिल्लं परततातच. टर्कीला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. कोंबडीला फारसा त्रास न देणारा एक रोग तिच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांवाटे मातीत उतरतो, वर्षानुवर्षं तिथे टिकतो आणि टर्की त्याने पटापट मरतात.

खरी भांडणं तुम्हाला दिसतील ती कोंबड्यांची आपसातली. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्देरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत आले होते. कुणी कुणाला टोचायचं याची कळपात ठरलेली उतरंड असते, हे त्यांनी १९२२ साली मांडलं. नवी कोंबडी आली की ही उतरंड पुन्हा लागते. आई, तुला ते बघवणार नाही, पण रक्त येत नाही तोवर मध्ये पडू नकोस. दबलेल्या कोंबडीला उपाशी राहावं लागू नये म्हणून दाणा दोन-तीन ठिकाणी घाल.

बाबा, खुराडं जमिनीलगत बांधू नका. अंडी काढायची खिडकी कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे दोघांच्याही गुडघ्यांना त्रास होणार नाही. जागेचं माप घेऊन मला कळवा, जाळी आणि कड्या मी घेऊन येते, आपण मिळून बसवू. तोवर कोंबड्या आणू नका.

तुमची,
सुमन