क्लचचे स्क्रू आणि छिन्नीची घाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर जुन्या मोटारसायकलींच्या देखभालीसंबंधी नुकत्याच आलेल्या लेखात, क्लच कव्हरचे स्क्रू निघत नसतील तर छिन्नी लावून डोक्याच्या कडेवर हातोडा मारावा, असा सल्ला दिला आहे. हा उपाय सगळे करून झाल्यावर करायचा असतो. लेखात मात्र त्यालाच पहिला मान मिळाला आहे. ठाण्यातील बहुतेक गॅरेजांतही क्रम हाच असल्यामुळे, आयुष्यभर फिटरकाम केलेल्या माणसाला दोन शब्द लिहावेसे वाटले.

स्क्रू गंजला म्हणून निघत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. कव्हर ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू पोलादी असतो. त्यात आपल्याकडची खाडीकाठची खारी, दमट हवा मिळाली, की आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू आवळला जातो. पण डोक्याची खाच उडते ती मुख्यतः स्क्रू-ड्रायव्हरच्या चुकीच्या टोकामुळे. यामाहा आरएक्स 100 सारख्या जपानी रचनेच्या गाड्यांवरील फुलीच्या खाचा जेआयएस या जपानी मानकाच्या असतात आणि अशा अनेक स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. दुकानात ‘स्टार’ म्हणून मिळणारा स्क्रू-ड्रायव्हर फिलिप्स जातीचा असतो. तो या खाचेत तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावताच वर सरकून कडा खरवडतो. त्याहून मोठी चूक मापाची. सहा मिलिमीटरच्या स्क्रूला 3 नंबरचे टोक लागते. घरोघरी आणि गॅरेजोगॅरेजी असते ते 2 नंबरचे. एवढा एक बदल केला, तरी निम्मे ‘जाम’ स्क्रू मुकाट्याने फिरतात.

उरलेल्यांसाठी घाई न करता क्रमाने जावे. खाचेत साचलेली माती आणि रंग टोकदार सुईने खरवडून काढावा, कारण तळाशी खडा राहिला तर योग्य टोकही अर्ध्यावर अडते. गंज सोडवणारे तेल उभ्या कव्हरवरून ओघळून जाते, म्हणून तेलात भिजवलेला कापूस डोक्यावर चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी गरम हवेच्या ब्लोअरने स्क्रूभोवतीचे कव्हर तापवावे. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आट्यांची पकड सैल पडते. पेट्रोलची टाकी जवळच असल्याने ज्योतीचा टॉर्च मात्र कटाक्षाने टाळावा. त्यानंतर स्क्रू आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. भुकटीचा बंध तुटला की ते हाताला जाणवते. खाच थोडी झिजली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट लावली असता पकड चांगली येते. तरीही न निघाल्यास हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. त्याचा घाव टोकाला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतोही; छिन्नी यांपैकी पहिले काम करूच शकत नाही.

मात्र कव्हर उघडल्यानंतर आतील क्लच स्प्रिंगच्या स्क्रूंवर हाच हातोडा चालवू नये. ते स्क्रू हबच्या, म्हणजे क्लचच्या मधल्या फिरत्या भागाच्या, ॲल्युमिनियमच्या खांबांत बसलेले असतात आणि घाव थेट खांबांवर व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर उतरतो. ते सतत तेलात असल्याने गंजत नाहीत, कुणीतरी पूर्वी ताकदीने आवळलेले असतात इतकेच. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्या माणसाने मागचे चाक घट्ट धरावे, म्हणजे हब फिरत नाही. मग टी-हँडलवर (आडव्या मुठीच्या पान्यावर) अंगाचा भार देऊन, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सोडवत जावे. एकच स्क्रू पूर्ण काढला, तर स्प्रिंगांखालची प्रेशर प्लेट तिरकी होऊन उरलेल्यांवर ताण येतो.

कव्हरच्या एखाद्या स्क्रूचे डोके पार गेलेच, तर ते ड्रिलने उडवावे आणि कव्हर बाजूला काढावे. डोक्याचा ताण गेल्यावर उरलेला दांडा बहुधा पकडीने सहज फिरतो. तेथे ईझी-आउट (तुटलेला स्क्रू काढण्याचे उलट्या आट्यांचे हत्यार) घुसवण्याचा मोह मला कधीच पटला नाही. ते आत तुटले, तर इतके कठीण असते की त्यावर ड्रिल चालत नाही.

पुन्हा बसवताना आट्यांवर तांब्याची ग्रीस अगदी थोडी लावावी आणि सहा मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटरपेक्षा अधिक आवळू नये. ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचे) घालण्याला माझा विरोध नाही, फक्त लांबी मूळ स्क्रूंशी ताडून पाहावी; लांब बोल्ट आत टेकतो आणि कव्हर मात्र सैलच राहते.

आपल्या सदरात या क्रमाची दुरुस्ती यावी, ही विनंती. वागळे इस्टेटमधील हत्यारांच्या दुकानदारांनीही काउंटरवर जेआयएस 3 नंबरचे टोक ठेवावे, आणि गिऱ्हाइकाने नुसता ‘स्टार’ मागितला, तर कोणत्या गाडीसाठी हवा ते एकदा विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फिटर,
कोपरी, ठाणे (पूर्व)