सात गंज आणि एक काच

मानेवाडा, नागपूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभा,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. तू आधी अर्धा मिनिट बोललीच नाहीस. मग म्हणालीस, "मंजू, बयाणा देऊन बसले गं. झोपच येत नाही." पाठोपाठ भेगांचे चौदा फोटो आले. भिंतीची भेग, जिन्याची भेग, खिडकीची भेग. त्यातली एक तर मला कोळ्याचं जाळंच वाटलं. तेव्हा मी फोनवर काहीबाही बोलून तुला गप्प केलं. आज सुट्टी आहे, हे गावी गेलेत, म्हणून नीट लिहायला बसले. दोन चहा झालेत.

काल अयोध्यानगरला, तू बयाणा दिलेलं घर पाहून आले. घरमालकांकडून किल्ली घेतली आणि सोबत आमचे मिस्त्री नेले. तिथलं सांगतेच, पण तू विचारलंस ना, "तुला वाटली होती का गं अशी भीती?", त्याचं आधी सांगते.

वाटली होती म्हणजे काय! रजिस्ट्रीच्या आधी दोन महिने मी पहाटे तीनला उठून कॅलेंडरच्या मागच्या पानावर हिशेब करायचे. ३२ लाखांचं कर्ज, पावणेनऊ टक्के, २० वर्षं, २४० हप्ते. बँकेने तक्ता छापून दिला होता. त्याच्या पहिल्याच ओळीत पोटात गोळा आला. हप्ता २८ हजारांच्या वर आणि त्यातले २३ हजार ३३३ नुसते व्याजाचे. मुदलात जेमतेम पाच हजार. म्हणजे महिनाभर दोघांनी राबून घराचा एक दरवाजासुद्धा आपला होत नाही! यांना हलवून विचारलं, तर म्हणाले, "सगळेच घेतात ना बाप्पा," आणि कूस बदलून घोरायला लागले. शांत झोपलेल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

त्या हिशेबाच्या मागे दुसरंच काही होतं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. आमची महाल वस्तीतली भाड्याची खोली तुला आठवते. जिन्याखाली नळ होता ती. मालक पहिल्या तारखेला यायचे आणि बाबा जेवत असले तरी ताटावरून उठून उभे राहायचे. एकदा बाबांनी प्लॉट घेतला होता, हे तुला माहीत नसेल. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. एका ले-आउटवाल्याला हप्त्याहप्त्याने पैसे दिले. पावत्या कच्च्या होत्या. पुढे कळलं की तोच प्लॉट आणखी दोघांना विकलाय. बाबा त्यानंतर कधी घराविषयी बोलले नाहीत. त्या पावत्या मात्र आईने रेशनकार्डाच्या पिशवीत शेवटपर्यंत जपल्या. मी पहाटे तीनला जे हिशेब करत होते, त्यात हप्ते माझे होते आणि भीती बाबांची.

म्हणून मी कागदांच्या मागे लागले, ते अगदी चिडचिड होईपर्यंत. आमच्याकडचे हे सगळे गुंठेवारीतले ले-आउट. शेताचे तुकडे पाडून विकलेले, आधी घरं उभी राहिली आणि मंजुरी नंतर. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नासुप्रने, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासने, असे प्लॉट नियमित करून तसं पत्र द्यायला सुरुवात केली. त्या पत्राला नागपुरात सगळे 'आरएल' म्हणतात. आमचा विकणारा म्हणायचा, "आरएल आहे ना, देतो ना." तीन आठवडे देतोच आहे. शेवटी बँकेने सांगितलं, आरएल नाही तर कर्ज नाही, तेव्हा कुठे ते कागद कपाटातून निघाले. नाव त्याच्या वडिलांचं आणि वारस चार. एक बहीण छिंदवाड्याला. तिची सही आल्याशिवाय मी एक रुपया पुढे सरकवला नाही. हे म्हणाले, तू फार ताणतेस. ताणलं. तूही ताण. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या मालकी-नोंदींचा तपास) वकिलाकडून घे आणि तो स्वतः वाच. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. तुझ्यासाठी पाहणारा वेगळा लाव.

आणि पुराचं. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट. तू नाशिकला होतीस, तुला फोटोच दिसले असतील. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी ले-आउटमध्ये माझ्या शाळेतल्या एका बाईंचं घर आहे. त्यांच्याकडे पलंगापर्यंत पाणी होतं. फ्रिज आडवा तरंगत होता म्हणाल्या. त्यानंतर आम्ही जे जे घर पाहायला गेलो तिथे मी पहिला प्रश्न हाच विचारायचे. विकणारा "नाही" म्हणणारच. म्हणून मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारायचे आणि मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधायचे. रंग नवा असला तरी मागची भिंत कोणी रंगवत नाही.

आता गच्चीची गोष्ट. फोनवर मी ती तुला हसण्यावारी सांगितली होती. तेव्हा काही हसू आलं नव्हतं.

ताबा मिळाला आणि आम्ही काम काढलं. ठेकेदाराने (नाव लिहीत नाही, अजून वस्तीतच दिसतो) जूनअखेर गच्चीचा जुना कोबा फोडला. म्हणाला, आठ दिवसांत नवा कोबा आणि वर चायना मोझॅक. त्याचे सगळे मजूर गोंदिया-बालाघाटकडचे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोवणी (भाताची लावणी) लागली आणि एका सकाळी कोणीच आलं नाही. धानाचे परहे, म्हणजे रोपं, थांबत नाहीत, आमची गच्ची थांबेल असं त्यांनी गृहीत धरलं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. चूक आमची की वैदर्भीय असून आम्ही रोवणीच्या तोंडावर गच्ची उघडली. ठेकेदार फोन उचलेना. स्लॅब उघडा, अॅडव्हान्स त्याच्या खिशात, आणि आभाळ भरून आलेलं.

तो पाऊस रात्री दोनला सुरू झाला. आम्ही खालच्या खोलीत सामानाच्या खोक्यांमध्ये झोपलेलो. आधी एक थेंब, मग टपटप, मग जिन्याच्या तोंडाशी धारच. गंज (म्हणजे पातेली), परात, बादल्या, पोराची आंघोळीची टब, जे हाताला लागलं ते मांडलं. सात ठिकाणी गळत होतं. मी मोजलं. आणि तुला सांगते शुभा, सात म्हणून मोजल्यावर मी चक्क झोपले. पहाटे तीनला उठून ज्या बाईने महिनोन्महिने काय काय होईल याचे घोर लावून घेतले होते, ती खरंच गळायला लागल्यावर पाच तास गाढ झोपली. हे रात्रभर गंज रिकामे करत होते. तो एक हिशेब मला गोड लागला.

सकाळी तीन हजारांची ताडपत्री आणली. पुढचं काम ठेकेदाराशिवाय झालं. आताचे मिस्त्री शेजारच्या आजींनी सुचवले. त्यांनी कोबा टाकल्यावर गच्चीची मोरी बुजवून ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं आणि खाली खडूने स्लॅबवर खुणा करून गेले. ओल दिसली नाही तेव्हाच पैसे घेतले.

तुझ्या भेगांना मी जे औषध सांगणार आहे, तेही त्यांचंच.

आमच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरपी भेग होती. मी रोज तिच्यापुढे उभी राहायचे. वाढली का? वाढलीच असणार. मिस्त्री म्हणाले, "ताई, तुम्ही रोज पाहाल तर रोज वाढंल." मग त्यांनी भेगेजवळचा रंग खरवडून काढला, एक पातळ काच आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की केली आणि सुताराच्या पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तुटेल. नाही हलली तर नाही तुटणार. "आता काच पाहून राहील. तुम्ही झोपा."

आपल्याकडची काळी माती तुला माहीतच आहे. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आटून अशी फाटते की भेगेत हात जावा. पाया खाली मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर घर त्या मातीबरोबर वरखाली होतं. मिस्त्रींनी घराच्या कोपऱ्याशी खड्डा खणून पाहिलं. आमचा पाया साधारण पाच फुटांवर मुरुमावर टेकलेला निघाला. दिवाळीत अशा तीन काचा लावल्या. दोन तशाच राहिल्या. तिसरी, ती उत्तरेची, एप्रिलमध्ये तुटली. मी रडायच्या बेतात होते, आणि मिस्त्री मात्र खूश, "आता कळलं कुठं पाहायचं ते." त्या कोपऱ्यालगत मोरीच्या पाइपाचा जमिनीतला सांधा गळत होता. एका बाजूची माती कायम ओली, दुसरीकडची वाळून तडकलेली. सांधा बदलला, घराभोवती दोन-अडीच फुटांचा सिमेंटचा पट्टा करून उतार बाहेर काढला, भिंतीला चिकटून लावलेली केळ उपटली. नवी काच मेमध्ये लावली. उन्हाळ्याचं टोक गेलं, पावसाळा गेला, अजून साबूत आहे.

आता तुझं घर.

चौदापैकी अकरा फोटोंकडे तू बघूच नकोस. ते प्लास्टरचे केस आहेत, नखसुद्धा शिरत नाही. वरच्या खोलीत छताखाली जी सरळ आडवी रेघ आहे, ती उन्हाने स्लॅब तापून फुगतो त्याची. नागपूरच्या उन्हात ती निम्म्या घरांना असते. जिन्याजवळची भेग जरा रुंद आहे, पण तिच्या आत जुना निळा रंग शिरलाय आणि जाळं धरलंय. मिस्त्रींनी बॅटरी मारून दाखवलं. "हे आजचं नोय ताई." तिथे एक काच लावायची, बस.

पण खालच्या बाथरूममध्ये मी वर पाहिलं आणि मला ते आवडलं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची ओल उतरून छताचे पोपडे पडलेत, दोन जागी गज दिसतात आणि ते गंजून फुगलेत. मिस्त्रींनी हातोड्याच्या दांड्याने ठोकलं तर हातभर भाग भदभद वाजला. याचा तू फोटोच काढला नव्हतास! वर पाहायचं राहून गेलं असेल, सगळ्यांचं राहतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखव, फी देऊन दाखव, आणि त्याने जो खर्च लिहून दिला तो विक्रीपत्राच्या आधी किमतीतून कमी करून माग. नंतर मागितलास तर ते तुला चहा पाजतील फक्त.

दुसरं वायरिंग. सगळी जुनी अॅल्युमिनियमची तार आहे आणि अर्थिंग नावालाच. रंग, टाइल्स, किचन ट्रॉल्या, सगळं पुढे ढकल, पण हे आधी. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. ओली फरशी, अनवाणी पाय आणि पत्र्याचा कूलर. आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घे आणि कूलरच्या प्लगला वेगळी अर्थिंग दे. टाइल्सवरून तुमचं भांडण होणारच आहे. आम्ही तीन दिवस बोललो नव्हतो, ते आयव्हरी की क्रीम यावरून. आता मला दोन्हीतला फरक दिसत नाही.

पैशांचं पटकन. घर एकट्या तुझ्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. भाऊजींचं नाव जोडलं की ती गेली, तेव्हा दोघं आधी बसून ठरवा. नोंदणी फी ३० हजारांच्या वर जात नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त झाली तर एक टक्का टीडीएस तुला कापून भरायचा असतो, ते विसरू नकोस. घरमालकांकडून महापालिकेच्या टॅक्सची आणि नळाची शेवटची पावती घे. आमच्या गळ्यात मागच्या दोन वर्षांचं नळाचं बिल पडलं होतं. आणि सहा हप्त्यांएवढे पैसे बाजूला एफडीत ठेव, त्यांना मार्बलसाठीही हात लावायचा नाही. ती एफडी केल्या दिवसापासून मी कॅलेंडरच्या मागे लिहिणं बंद केलं.

एक गोष्ट मात्र मला सांगता येत नाही, की हे घर तू घ्यावंस की नाही. नाशिक सोडून परत यायचं, सासूबाईंना आणायचं, पोराची दहावी, हे सगळं त्या भिंतींच्या भेगांमध्ये तू पाहतेयस असं मला फोटो बघताना वाटत होतं. त्याला काच लावता येत नाही. त्यासाठी तू ये, गच्चीवर बसू आणि रात्रभर बोलू.

शनिवारी येतेयस तर सकाळच्याच गाडीने ये. स्टेशनवर हे घ्यायला येतील. उतरल्यावर आधी तर्री-पोहे, मग घर. मिस्त्रींना अकराची वेळ दिलीय. काचेसाठी बाजारात जावं लागणार नाही. तुझ्या वरच्या बाथरूमच्या खिडकीचं तावदान तडकलेलं होतं, घरमालकांना विचारून त्याचा एक तुकडा मी काल वर्तमानपत्रात गुंडाळून आणलाय. तारीख तुझ्या हाताने लिही.

तुझीच,
मंजू