आधी आटे पाहा, रंग नंतर

संपादक महोदय,

जुन्या इंग्लिश सायकलींना पुन्हा बरे दिवस आले आहेत. घासूनपुसून, नवा काळा रंग मारून उभ्या केलेल्या रॅले, हंबर आणि रज यांची छायाचित्रे आपल्या पुरवणीतही अधूनमधून दिसतात. दिसायला त्या देखण्या असतात, पण त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर बसून कात्रजपर्यंत जायची हिंमत कोणी करू नये. सगळा पैसा रंगात आणि क्रोममध्ये गेलेला असतो आणि बीबीचे (पायडलचा एक्सल फिरतो त्या खालच्या नळीचे) आटे मेलेले असतात.

नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याचे आटे जगावेगळे होते. इतर इंग्लिश सायकलींच्या बीबीला इंचात 24 आटे, रॅलेला 26. व्यास मात्र जवळपास तोच. म्हणून बाजारातला साधा कप (बेअरिंगचे छर्रे धरणारी आटेदार वाटी) रॅलेच्या शेलमध्ये, म्हणजे बीबीच्या नळीत, हाताने दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. ‘आत गंज असेल’ म्हणून मिस्त्री लांब पाना लावतो आणि ऐंशी वर्षे टिकलेले आटे पाच मिनिटांत साफ होतात. फोर्कच्या (पुढच्या चिमट्याच्या) वरच्या आट्यांचीही हीच कथा. हंबर 1932 मध्ये आणि रज 1943 मध्ये रॅलेच्या ताब्यात गेली. त्यानंतर नॉटिंगहॅमला बनलेल्या त्यांच्या गाड्यांनाही 26च धरून चालावे. ओळखायला चेनव्हील (पायडलजवळचे दातेरी चाक) पाहा. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी, हंबरच्या माणसांच्या आकृत्या, रजच्या उघडा पंजा. अर्थात चेनव्हील बदललेले असू शकते. खात्री हवी असेल तर कोणत्याही लेथवाल्याकडचे पिच गेज (आटे मोजायची पट्टी) कपाच्या आट्यांवर टेकवावे. एका मिनिटाचे काम.

मुळात उजवा कप काढायची गरज क्वचितच पडते. त्याचे आटे उलटे असतात, हे विसरून भलतीकडे जोर लावणारेही पुष्कळ. तो जागेवरच रॉकेलच्या किंवा डिझेलच्या फडक्याने पुसावा. कपात बारीक खड्डे असले तरी चालते. एक्सल आणि छर्रे बदलले की गाडी पुन्हा हलकी फिरते. छर्रे दोन सुती (पाव इंच), प्रत्येक बाजूला 11, सुटे. जाळीतले तयार छर्रे बसवायला सोपे, पण त्यांत संख्या कमी भरते आणि तेवढ्यांवरच सगळा भार येतो. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) दोन सुतीच, बाजूला 9. पुढच्याला दीड सुती, बाजूला 10. जुने आणि नवे छर्रे एकत्र करू नयेत, घासलेल्यांचा आकार कमी झालेला असतो.

दुसरे दुखणे कॉटरचे, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलवर धरून ठेवणाऱ्या पिनेचे. रॅलेची कॉटर पिन साडेनऊ मिलिमीटरची, इतर बऱ्याच गाड्यांची नऊची. नऊची पिन साडेनऊच्या भोकात ठोकली की आठवड्याभरात क्रँक खडखडायला लागतो. पिन काढताना नट पूर्ण काढू नये, पिनेच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच सैल करावा. क्रँकखाली पिनेच्या मोठ्या डोक्याला जागा राहील असा जाड पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवावा आणि जड हातोड्याचा एकच सरळ घाव घालावा. पाइप नसेल तर घाव थेट छऱ्यांवर बसतो आणि कपात खड्डे पडतात. हलके हलके ठोकत राहिले की पिनेचे टोक छत्रीसारखे पसरते. मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. बसवताना दोन्ही पिनांच्या घासलेल्या बाजू एकमेकींच्या उलट्या हव्यात, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. पिन ठोकून बसवायची असते, नटाने ओढून नव्हे. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवल्यावर ती पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा. हल्ली मिळणाऱ्या स्वस्त पिना इतक्या मऊ असतात की हे दोनतीनदा करावे लागते.

विकत घेताना सांगाडा उन्हात धरा. पुढच्या (हँडलखालच्या) नळीच्या मागे, वरच्या आणि तिरक्या पाइपच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. तिथे रंगाखाली सुरकुती किंवा फुगवटा लागला तर गाडी कधीतरी समोरून आदळलेली आहे. ती सोडून द्या, विकणारा काहीही म्हणो. मग पुढच्या नळीपासून मागच्या दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचांपर्यंत) दोरा ताणा आणि सीटच्या नळीपासून त्याचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. तीनचार मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर मागचा भाग वाकलेला आहे.

स्टर्मे-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल तर त्यावर कोरलेले साल वाचा, पण ते हबचे साल आहे, गाडीचे नव्हे. त्यात ग्रीस भरू नये आणि खोबरेल तर मुळीच नको, ते चिकटते. पातळ मशीन ऑईलचे चमचाभर पुरे.

आता रंग. वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढून पावडर कोटिंग करायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने लग्जच्या (पाइपांच्या सांध्यांवरच्या खोबण्यांच्या) कडा बुजतात, वाळू पाइपात शिरून पुढे कपात उतरते, सांगाड्यावरचा नंबर भरून जातो आणि झाकायचे राहिलेले आटे रंगाने माखतात. सोनेरी रेघा तर कायमच्या जातात. जुन्या काळ्या इनॅमलला मऊ फडके आणि थोडे पातळ तेल पुरते.

चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: रॉड ब्रेक आणि क्रोमची रिम पावसात जवळजवळ ब्रेक लावतच नाहीत. उतारावर आधीपासून हलके दाबत यावे, म्हणजे रिम पुसली जाते. चढ जड जात असेल तर 48 दाती चेनव्हीलला मागे 18ऐवजी 22 दाती फ्रीव्हील लावावे.

शेवटी जुन्या सायकल दुकानदारांना विनंती. दुकान बंद करताना 26 आट्यांचे कप आणि साडेनऊच्या पिना किलोवर भंगारात जातात. ते चांगले नवे सहजासहजी मिळत नाहीत. एका डब्यात काढून, वर आट्यांचा आकडा लिहून ठेवावेत.

आपला,
एक वाचक, पुणे