वही पाठवलीये, उघडून बघ

प्रिय सोन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की ऑफिस सुटतं पण डोकं सुटत नाही, लॅपटॉप मिटला की मोबाइल हातात येतो आणि मग रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही. तेव्हा बाबांच्या गोळ्यांची वेळ झाली होती म्हणून मी घाईने फोन ठेवला, पण तेच मनात घोळत राहिलं. आणि हे सगळं फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. कुरिअरने एक छोटी कोरी वही आणि दोन बॉलपेनं पाठवलीत. रोज दहा मिनिटं त्यात काहीतरी समोरचं बघून काढायचं, एवढंच.

लगेच म्हणू नकोस की आई, मला चित्र येत नाही.

ते वाक्य कुठून आलं मला माहितीये रे. तू एलिमेंटरीला बसला होतास, वस्तुचित्राच्या प्रॅक्टिसला तुझा तांब्या एका बाजूला कलला आणि सरांनी तो कागद सगळ्या वर्गासमोर वर धरला. तू घरी येऊन रडलास आणि मी काय म्हणाले तर जाऊ दे, गणिताकडे लक्ष दे. सरांचं तू कदाचित विसरलाही असतास, पण माझं ते बोलणं लागलं असणार, कारण त्यानंतर तू कधी पेन्सिल हातात धरली नाहीस. मी तसं बोलायला नको होतं बाळा. सॉरी.

आता माझं सांगते, हे तुला कधी बोलले नाहीये. बाबांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, तेव्हा पहिले दोन महिने मी बाहेरच्या खुर्चीत बसून नुसता मोबाइल सरकवत राहायचे आणि घरी येईपर्यंत डोकं ठणकायला लागायचं. एक दिवस चार्जिंग संपलं. पर्समध्ये पेन होतं, जुन्या बिलाची मागची बाजू कोरी होती, आणि समोर बाबांच्या चपला, कारण आत जाताना बाहेर काढून ठेवाव्या लागतात. म्हटलं ह्याच काढू. काढता काढता दिसलं की उजव्या चपलेची टाच बाहेरच्या कडेने पार झिजलीये, डावीची तशी नाही. म्हणजे बाबा उजवीकडे भार टाकून चालतात. एकतीस वर्षं ह्या माणसाबरोबर चालतेय आणि मला हे माहीत नव्हतं! कागदावरच्या चपला काही चपलांसारख्या दिसत नव्हत्या, पण घड्याळात बघितलं तर पाऊण तास गेला होता आणि खांदे सैल पडले होते.

मग बाबांच्या हाताचं. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात, फिस्टुला म्हणतात त्याला, मग ती शीर हळूहळू दोरीसारखी जाड होते आणि वर बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते. मला त्या हाताकडे बघवायचं नाही. बाबांना ते कळायचं, मी जवळ आले की ते शर्टाची बाही खाली ओढायचे, त्यावर आम्ही दोघंही कधी काही बोललो नाही. एका दुपारी ते झोपले होते तेव्हा मी वही घेऊन शेजारी बसले आणि तो हात काढायला घेतला, शीर कोपराच्या खाली कुठे वर येते, कुठे वळते, सुयांच्या खुणा कुठे दाट आहेत, अंगठ्याच्या बुडाशी सुरकुत्या कशा पडल्यात, सगळं नखाएवढं नखाएवढं बघत. पेन चालू होतं तोवर भीती वाटायला जागाच नव्हती, कारण तो आजारी हात राहिलाच नाही, तो त्यांचा हात होता. ते जागे झाले, वही बघितली, काही बोलले नाहीत, फक्त हात तसाच ठेवला, हलवला नाही. आता रोज सकाळी थरथर नीट आहे ना ते मीच बोट ठेवून बघते. बाही ओढणं बंद झालंय.

आणि येतं-न येतं म्हणशील तर सासवडकडचे एक काका त्यांच्या बायकोला डायलिसिसला घेऊन यायचे. माझ्या वहीत बघत बसायचे दर वेळी. एकदा पेन मागितलं, म्हणाले शाळा सुटल्यापासून काही काढलं नाही, आणि मग त्यांनी त्यांचं शेत काढलं, वरून दिसतं तसं, विहीर, मोटरची खोली, पाइप कुठून कुठे जातो, बांधावरची दोन सीताफळं, आणि कोपऱ्यात घर. अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. मग घरावर बोट ठेवून म्हणाले, आज हिला सोडून रानात जाऊन आलो. ते पान माझ्याकडे आहे, आलास की दाखवते.

तुला पुरावा लागतो म्हणून हेही सांगते. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ साली एक अभ्यास छापला, ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाजचे कागद दिले, काय हवं ते करा म्हणून, आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांचं ते कमी झालं. आणि ज्यांनी आधी कला केलीये आणि ज्यांनी कधीच केली नाहीये, त्यांच्यात तसा फरक सापडला नाही. प्रयोग लहान आहे, सगळ्यांचं कमी झालंही नाही, पण मी वाचलं तेव्हा मला आपली ती खुर्चीच आठवली.

कसं करायचं तर पेनानेच काढ, पेन्सिल नको, कारण पेन्सिल आली की खोडरबर आलं आणि खोडरबर आलं की परत परीक्षा आली. चुकलेली रेघ तशीच राहू दे, शेजारून दुसरी काढ. कप काढणार असशील तर कपाचा कान काढू नकोस, कानातून पलीकडचं जे दिसतं ती मोकळी जागा काढ. आपल्या डोक्यात कपाचं एक तयार चित्र असतं आणि हात बघायचं सोडून तेच उतरवतो, त्या मोकळ्या जागेला मात्र काही नाव नसतं म्हणून डोळ्यांना नीट बघावंच लागतं. कधीतरी कागदाकडे अजिबात न बघता काढ, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या वेगाने चालव आणि पेन तिच्याबरोबर, जे येईल ते येऊ दे. खाली तारीख आणि जागा लिही. फोटो काढून कुठे टाकू नकोस, मलाही पाठवला नाहीस तरी चालेल. आणि फोटो समोर ठेवून काढू नकोस, खरी वस्तूच हवी, तुझ्या खालच्या हॉटेलातला कॉफीचा स्टीलचा पेला, खिडकीतली वायर, काहीही.

मी आता पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गेले तरी भाजी घेऊन दहा मिनिटं पायरीवर टेकते. १८८६ ची इमारत आहे ती, मी चाळीस वर्षं तिथून मेथी-कोथिंबीर घेतेय, पण मधला मनोरा अष्टकोनी आहे हे मला तो काढायला बसले तेव्हा कळलं, कारण माझ्या कागदावर एक बाजू कमीच पडत होती.

वहीच्या पहिल्या पानावर मी तुझ्या इथल्या टेबलावरचा तो जुना तांब्या काढलाय, तोच एलिमेंटरीवाला. थोडा कललाय. तसाच ठेवलाय.

उद्या बाबांची सकाळची सातची पाळी आहे, साडेपाचला उठायचंय, म्हणून थांबते. जेवण टाळू नकोस.

तुझी,
आई